अस्वल शिवलं आणि मास्तर आत राहिले

...तर त्या सशाने दोन्ही हात पसरले आणि तो थेट धाकटीकडे निघाला. ससा तरी केवढा? सहा फुटी! कान धरले तर सात. चपलांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं, दाराशी फुगे टांगले होते, आणि गिऱ्हाईक ओढायला दुकानदाराने हा कापडी ससा आणून उभा केला होता. बाकीची पोरं त्याच्या अंगाला झोंबत होती, शेपूट ओढत होती. पाच वर्षांची धाकटी मात्र क्षणभर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, आणि मग अशी किंचाळली की पलीकडच्या औषधवाल्याच्या हातातली बाटली सुटली. आईचा हात झटकून ती जी पळाली, ती रस्त्याकडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या खाली शिरली. दोन भले गृहस्थ इस्त्रीचे कपडे घालून पोटावर आडवे झाले. टेम्पोवाला धावत आला, "अहो, मी आत्ता गाडी काढणार होतो!" म्हणाला आणि फूटपाथवर मटकन बसला. त्याला पाणी पाजावं लागलं ते वेगळंच. पाऊण तासाने पोर बाहेर निघाली. नव्या चपला घ्यायला गेली होती, ती जुन्यातली एक टेम्पोखाली ठेवून लंगडी घालत घरी आली.

एरवी हा किस्सा हसण्यावारी गेला असता. पोरं घाबरतात, मोठी होतात, मग तीच किस्से सांगतात. पण त्या घरात त्या आठवड्यात असं काही घाटत होतं, की सशाने नुसती पोर घाबरवली नाही, सगळं घर घाबरवलं.

घर म्हणजे कुशन मास्तरांचं. खाली कारखाना, वर बिऱ्हाड, आणि मध्ये चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. खुर्च्या, सोफे, गाड्यांच्या सीटा, दवाखान्यातली तपासायची बाकडी, ज्याच्यावर माणूस बसतो किंवा आडवा होतो असं काहीही फाटलं की ते मास्तरांकडे यायचं. शाळेत मास्तर सातवीपर्यंतच गेले, पण हातात कला अशी की त्यांनी भरलेल्या खुर्चीवर बसलेला माणूस उठायचं विसरायचा. त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. बाईंनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं, पण मास्तरांनी भरलेल्या प्रत्येक गादीची शेवटची शिवण त्यांचीच. वाकडी सुई घेऊन अशा शिवायच्या, की टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे मुंगीलाही सापडू नये. गाठ मारायची, सुईने आत ओढायची, दोरा दातांनी तोडायचा. चाळीस वर्षं.

मास्तरांचा एक गुण सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. जुनी खुर्ची उसवली की ते आधी आत डोकवायचे. त्या धंद्यात रीतच आहे, कारागीर गादी बंद करण्याआधी आतल्या गोणपाटावर खडूने आपली खूण आणि तारीख टाकतो. गिऱ्हाईक जन्मात ती बघत नाही. बघतो तो पुढचा कारागीर, वीस-तीस वर्षांनी. एकदा एका मोडक्या आरामखुर्चीत त्यांना लिहिलेलं सापडलं, 'आज मुलगा झाला, हात कापतोय, टाके वाकडे आलेत, माफी असावी.' मास्तरांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं आणि येईल त्याला तो गोणपाटाचा तुकडा दाखवला. "बघा हो, लोक वरचं मखमल बघतात. खरी मजा आत असते." वयाच्या पासष्टाव्या वर्षीही हा माणूस दिवसातून दोनदा तरी तोंडात बोट घालायचा.

अशा माणसाच्या मुलाने एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "बाबा, मोठी रजा मंजूर झाली. आपण सहाजण परदेशात जातोय. पोरींना ते मोठं खेळउद्यान दाखवायला."

सहाजण म्हणजे मास्तर, मास्तरीणबाई, मुलगा, सूनबाई, आठ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांची धाकटी. मास्तर याआधी सीटा बसवायला म्हणून तीन शहरं फिरले होते, तीही टेम्पोत मागे, खुर्च्यांच्या मध्ये बसून.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. थोरलीने वही केली. कुठला झोपाळा आधी, कुठली होडी नंतर, रांग लांब असेल तर काय, पाऊस आला तर काय. घराच्या जिन्यावर तिने रांगेची तालीम सुरू केली. प्रत्येक पायरीवर पाच मिनिटं उभं राहायचं, बोलायचं नाही, 'अजून किती वेळ' असं विचारलं की एक पायरी मागे. मास्तरीणबाई तिसऱ्या पायरीवरून पाच वेळा मागे गेल्या.

"अगं, माझे गुडघे दुखतात म्हणून विचारते!"

"आजी, तिथे गुडघ्यांची वेगळी रांग नाहीये."

पासपोर्टच्या फोटोला मास्तरांना सांगितलं, हसू नका. झालं! न हसायचं म्हटल्यावर त्या माणसाला असं हसू फुटलं की फोटोवाल्याने हात टेकले. शेवटी मास्तरीणबाई कॅमेऱ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. फोटो पहिल्या झटक्यात आला.

आणि रात्रीची जेवणं झाली की थोरली मोबाइलवर त्या उद्यानाचे व्हिडिओ लावायची. ते बघताना मास्तरांचा आ जो वासायचा तो मिटायचा नाही. डोंगर बघितला. खोटा डोंगर, पण धबधबा खरा. माणसांनी पोरांसाठी डोंगर केला! किल्ला बघितला. ढगातून खाली आलेला वाटावा असा, आणि त्याच्या खिडक्या वर वर जाताना लहान लहान केलेल्या, म्हणजे तो आहे त्याहून उंच दिसावा. हे थोरलीने वाचून सांगितल्यावर मास्तर उठून उभे राहिले. "म्हणजे डोळ्यालाच गादी घातली की गं त्यांनी!" मग आकाशातून उलटी होऊन जाणारी गाडी आली. लोक किंचाळत होते, हात वर करत होते. मास्तर ओरडले, "थांबव, थांबव!"

"काय झालं आजोबा, चक्कर आली?"

"मागे घे जरा. हां, तिथे. ती सीट बघ. खांद्यावरून येणारी ती गादी बघ. रोज किती हजार ढुंगणं बसत असतील यावर, ऊन आहे, पाऊस आहे, कोणी ओकतं, कोणी नखं रुतवतं, आणि शिवण बघ! एक टाका उसवलेला नाही. कोण असेल गं हा कारागीर?"

"आजोबा, सगळं जग डोंगर बघतं, तुम्ही सीटा बघता."

"मग! डोंगरावर बसवतंय कोण त्यांना?"

मास्तर कोणाला बोलले नव्हते, पण त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. त्या गाडीत बसायचं, आणि गाडी सुटण्याआधी बोट घालून ती शिवण चाचपायची.

आता सशाचं दुखणं कळेल. त्या उद्यानात गल्लोगल्ली असली सोंगं फिरत असतात. अस्वलं, बदकं, हत्ती, सगळी सहा फुटी, सगळी कापडी, आणि सगळी पोरांना मिठी मारायला टपलेली. पोरं त्यांच्यासाठीच तर जातात. रविवारी संध्याकाळी धाकटी झोपल्यावर घरातले चौघे मोठे बसले, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

मुलगा म्हणाला, "तिला आपण लांबून लांबून फिरवू."

सूनबाई शाळेच्या ग्रंथालयात कामाला. बोलणं मोजकं, पण बोलली की दगडावरची रेघ. ती म्हणाली, "उद्यानात पाच दिवस? प्रत्येक वळणावर टेम्पो कुठून आणायचा खाली लपायला? परक्या देशात, एवढ्या गर्दीत माझा हात झटकून ही पळाली तर?"

मुलगा दबकत म्हणाला, "मग धाकटीला या वेळी तुझ्या आईकडे ठेवून..."

"एकीला न्यायचं आणि एकीला ठेवायचं, ते माझ्याच्याने व्हायचं नाही. सगळे, नाहीतर कोणी नाही. शनिवारी तिकीटवाल्याला नावं पक्की सांगायची आहेत. तोवर ही एखाद्या सोंगासमोर न पळता उभी राहिली, तर जाऊ. नाहीतर दोन-तीन वर्षांनी बघू."

दाराआड थोरली उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना ती वही खाली कारखान्यात, रद्दी कापडाच्या पोत्यात सापडली. मास्तरांनी ती झटकून आपल्या खणात ठेवली. दोन-तीन वर्षांनी बघू म्हणजे काय, हे घरात मोठ्यांना माहीत असतं.

सोमवारी दुपारी त्यांनी धाकटीला खाली बोलावलं, फोमच्या थप्पीवर बसवलं आणि सरळ विचारलं, "त्या सशाने तुझं काय वाकडं केलं गं?"

धाकटी पाय हलवत म्हणाली, "तो डोळे मिटत नाही."

"म्हणजे?"

"सगळे मिटतात. तुम्ही मिटता. मांजर मिटते. तो मिटतच नाही. नुसता बघतो."

मास्तर थक्क झाले. पाच वर्षांची पोर! त्यांनी अख्ख्या आयुष्यात इतकी खुर्च्या-सोफ्यांची तोंडं बघितली, पण कोणी डोळे मिटतं की नाही हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. मोठी माणसं सशाचे कान बघतात, दात बघतात, आणि ही त्याच्या पापण्या शोधत होती.

"आणि मी तुला डोळे मिटणारं अस्वल करून दिलं तर? तुझ्यासमोर, पहिल्या टाक्यापासून?"

"केवढं?"

"माझ्याएवढं."

"आधी पाय करा," ती म्हणाली. "तोंड शेवटी."

मंगळवारी सकाळी अस्वलाला सुरुवात झाली. एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं तपकिरी मखमल उरलं होतं, ते काढलं. मास्तर जमिनीवर मखमलावर आडवे झाले आणि धाकटीने त्यांच्याभोवती खडू फिरवला. त्यांना गुदगुल्या झाल्या म्हणून डावा पाय जरा जाड आला. ती पाय धरायची, मास्तर कापायचे. कानात कापूस तिने स्वतः ठासला. बुधवारी पोट झालं, आणि आता हाताची सवय ती सवय, मास्तरांनी पोटाला खोल बटणं ओढली, सोफ्याच्या पाठीला ओढतात तशी, चौकटी चौकटीत. कडेने दोरी भरलेली पट्टी, म्हणजे पायपिंग, घातलं.

मास्तरीणबाई चहा घेऊन खाली आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अहो, हे अस्वल आहे की बैठकीची खोली? यावर दोन पाहुणे आरामात बसतील."

"बसू देत. मजबूत आहे."

"आणि हे मानेपाशी सलग का केलंत? डोकं वेगळं नको?"

"वेगळं केलं तर मध्ये माझी मान दिसेल. सोफ्याचा हात आणि पाठ कधी वेगळी असते का? एकजीव पाहिजे."

धाकटी फोमवर बसून हे सगळं ऐकत होती. गुरुवारी डोळे झाले. काळ्या बटणांवर तपकिरी रेक्झिनच्या पापण्या, आणि आतून पंजापर्यंत आणलेली एक सुतळी. सुतळी ओढली की दोन्ही पापण्या खाली. धाकटीने ती शंभर वेळा ओढली असेल. ओढायची आणि श्वास सोडायची. तोंडात दोन बोटं जातील अशी फट ठेवली होती, हवेसाठी आणि बघण्यासाठी. पण रात्री वर जाताना धाकटीने टेबलावर पडलेल्या त्या डोक्यावर एक फडकं टाकलं, आणि मास्तरांनी ते पाहिलं. टेबलावरचं अस्वल तिला चालत होतं. उभं राहिलेलं चालेल का, हे देवच जाणे. आणि हातात एकच दिवस उरला होता.

शुक्रवारी दुपारी मुलगा आणि सूनबाई कामावर, थोरली शाळेत. मास्तर पाठीच्या बाजूने अस्वलात शिरले. पाय घातले, हात घातले, डोकं आत घातलं. "अगं, जमलं का बघ!"

मास्तरीणबाईंनी मागून पुढून पाहिलं. "पाठ उघडी राहिलीय. हातभर फट. पोरीला तुमचा सदरा दिसेल."

"मग शिवून टाक की."

आणि इथे त्या दोघांनी जी चूक केली, ती जगात दुसऱ्या कोणी केली नसती. शिंप्याने केली नसती, सोंग करणाऱ्याने तर नाहीच. बाईंनी वाकडी सुई घेतली, मेण लावलेला दोरा ओवला, आणि चाळीस वर्षं जशी शिवली तशी ती पाठ खालपासून वरपर्यंत शिवून काढली. गाठ मारली, आत ओढली, दोरा दातांनी तोडला. त्यांच्या धंद्यात आतलं भरताड एकदा आत गेलं की बाहेर यायचा प्रश्नच नसतो. ते पुढच्या पिढीतला कारागीर काढतो. दोघांच्याही डोक्यात एकदासुद्धा आलं नाही, की या वेळचं भरताड मास्तर आहेत.

"मी धाकटीला आणते," म्हणून बाई वर गेल्या, आणि नेमका बहिणीचा फोन आला. बाईंच्या बहिणीचा फोन म्हणजे एका हाताने तांदूळ निवडून, भात शिजवून, जेवून होतो. धाकटी आजीची वाट बघून कंटाळली आणि एकटीच जिना उतरली.

खाली अस्वल उभं होतं.

फटीतून मास्तरांना तिचे पाय शेवटच्या पायरीवर दिसले. त्यांनी घाईने सुतळी ओढली, की पोरीला आधी मिटलेले डोळे दिसावेत. सुतळी तुटली. एक डोळा मिटला, एक सताड उघडा राहिला. धाकटी किंचाळली नाही. नुसती "हं" असा आवाज झाला, आणि ती कापायच्या टेबलाखाली गेली.

आधी डोकं काढू, तिला आपलं तोंड दाखवू, म्हणून त्यांनी हात वर नेले. डोकं एकजीव. पाठीकडे हात नेला. पंजाला बोटं नाहीत, आणि पाठीला शिवण सापडत नाही. कात्री समोरच्या टेबलावर, पण मखमलाच्या गुबगुबीत पंजाने कात्री उचलायची म्हणजे उशीने सुई उचलण्यासारखं. हाक मारली तर चार इंची फोममधून आवाज बाहेर येतोय तो असा, की आपल्यालाच भीती वाटावी. वर बहिणीशी गप्पा रंगलेल्या. आत मे महिना. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात होता तो अस्वलाचा. मास्तर दोन पावलं मागे सरकले, कशाला तरी अडखळले आणि अर्ध्या भरलेल्या खुर्चीत धपकन बसले. खुर्ची कुरकुरली. मग त्यांनी हालचालच सोडली. हरलेल्या माणसासारखे बसून राहिले.

बराच वेळ गेला. टेबलाखालून एक बारीक आवाज आला.

"आजोबा?"

"हं."

"तुम्ही आत आहात?"

"आहे गं."

"मग बाहेर या ना."

"येता येत नाही. आजीने शिवून टाकलंय मला."

पाच वर्षांच्या डोक्यात केवढा हिशेब चालू असेल! मग आवाज आला, "तुम्हाला भीती वाटतेय?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती. "थोडीशी," मास्तर म्हणाले. "आणि उकडतंय फार."

फटीतून मास्तरांना एवढंच दिसत होतं, समोरची जमीन आणि टेबलाचा पाय. त्या पायाला धरून आधी एक हात बाहेर आला. मग डोकं. धाकटी उभी राहिली. एका डोळ्याने बघणाऱ्या, एका डोळ्याने झोपलेल्या त्या अस्वलाकडे तिने पाहिलं. टेम्पोखाली शिरणारी ती पोर एक पाऊल पुढे आली. थांबली. आणखी एक. मग भिंतीशी गेली, तिची शाळेची पाण्याची बाटली घेतली, आणि नळी अस्वलाच्या तोंडाच्या फटीत घातली. "प्या."

मास्तर प्यायले. असं पाणी त्यांनी आयुष्यात प्यायलं नव्हतं.

मग तिने फडकं घेतलं आणि अस्वलाचं कपाळ पुसलं. मखमलाचं, कोरडं ठणठणीत कपाळ, पण तिने ते हलक्या हाताने पुसलं, कानामागेही पुसलं. उघडा राहिलेला डोळा बोटाने मिटवला. "आता कसं वाटतंय?" तिने विचारलं. आजोबांना की अस्वलाला, हे मास्तरांना आजतागायत कळलेलं नाही. मग तिने फटीला डोळा लावला. एक इंचावर. बाहेरून ती आत बघत होती, आतून ते बाहेर. तिच्या पापण्या मोजता आल्या असत्या. मास्तरांनी श्वास रोखून धरला. वाटलं, हललं की हे मोडेल.

"मी आजीला आणते," ती म्हणाली. "घाबरू नका हं, लगेच येते." आणि निघताना त्या पंजावर दोनदा थोपटलं.

मास्तरीणबाई धावत आल्या, पाठीशी बसल्या, आणि त्यांनाच त्यांची गाठ सापडेना! "अगं बाई, कुठे ओढली मी?" चष्मा लावला, दिवा जवळ घेतला, काही नाही. मखमल कापायला हात होईना, इतकं छान शिवलेलं. "अहो, जरा दम धरा."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाटतंय गं, तू जरा वाईट शिवायला हवं होतंस!" अस्वलातून आवाज आला.

शेवटी गाठ सापडली ती धाकटीला. तिने डोळे मिटून अस्वलाच्या पाठीवरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर, आणि एका जागी थांबली. "इथे तांदूळ आहे." बाईंनी तिथे टोक घातलं, टाका तुटला, आणि मास्तर बाहेर आले तेव्हा विहिरीतून काढल्यासारखे निथळत होते. धाकटीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा जमिनीवर पडलेल्या त्या रिकाम्या कातड्याकडे. मग अस्वलाचे चारही हातपाय नीट सरळ केले आणि त्याच्या अंगावर फडकं घातलं. या वेळी तोंड उघडं ठेवून.

संध्याकाळी हे ऐकून मुलगा नाचायचाच बाकी राहिला. थोरली खाली धावत जाऊन आपली वही शोधायला लागली. सूनबाई मात्र हसली नाही. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, आत तुम्ही होता. तिला माहीत होतं. तिकडे आत परका माणूस असणार. ते वेगळं."

बोलणं खरं होतं.

शनिवारी सहाहीजण तिकीटवाल्याकडे गेले. लहानसं ऑफिस, पंखा, भिंतीवर विमानाचं चित्र. तिकीटवाला पेन काढून बसला. "बोला, किती नावं?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. सूनबाईने धाकटीला समोरच्या खुर्चीवर उभं केलं, तिचे खांदे धरले आणि जपून, एकेक शब्द उच्चारून म्हणाली, "हे बघ, आता नीट ऐक. तिकडे अस्वल असेल, पण त्याच्यात आजोबा नसतील. आपल्या ओळखीचं कोणीच नसेल. ते तुझ्याजवळ येईल. मग काय करशील?"

तिकीटवाल्याचं पेन हवेत थांबलं. थोरलीने वही छातीशी धरली होती, तिची बोटं पांढरी पडली होती.

धाकटीने खूप विचार केला. खुर्चीवर उभी राहून पंख्याकडे पाहिलं, आईच्या गळ्यातल्या माळेचा मणी फिरवला.

"आई," ती म्हणाली, "तो पण घाबरत असेल ना? आतून त्याला नीट दिसत नाही."

"असेल," सूनबाई म्हणाली.

"मग मी हळूच जाईन. एकदम धावत गेले तर तो दचकेल." जरा थांबून ती म्हणाली, "पण ताईने माझा हात धरायचा."

"धरीन," थोरली इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेर रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला.

सूनबाईने धाकटीला कडेवर घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. मग न वळता म्हणाली, "लिहा. सहा."

तिकीटवाला लिहू लागला. पहिलं नाव, दुसरं नाव. तोही त्याच गल्लीतला, टेम्पोखालची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. सहावं नाव लिहून झाल्यावर त्याने पेनाचं टोपण लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "मास्तर, रविवारी हिला दोन माणसांनी ओढून काढली. आज शनिवार. असं केलंत तरी काय तुम्ही?"

आईच्या खांद्यावरून बाहेरची रहदारी बघणाऱ्या धाकटीकडे मास्तर बघत होते. त्यांनी मान हलवली.

"मी? मी काही नाही केलं हो. मला तर शिवून टाकलं होतं. जे काय केलं ते पोरीने केलं, मी आत बसून नुसता भोकातून बघत होतो."